नकाराची नोंद

२५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने संशोधन-नियतकालिकांच्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, जवळपास १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि त्यांतले सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा पसारा आहे. भागाकार केला तर माणशी वर्षाला अकराशे रुपयांच्या आसपास खर्च येतो. त्याच्या कितीतरी आधी, मे २०१० मध्ये, खास महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ हा उपक्रम सुरू झाला होता. अनुदानित महाविद्यालयाने वर्षाला ५,००० रुपये अधिक जीएसटी एवढी माफक वर्गणी भरावी आणि त्याच्या विद्यार्थ्यांना हजारो नियतकालिके व जवळपास दोन लाख ई-पुस्तके वाचायला मिळावीत, अशी त्याची रचना. दोन्हींची व्यवस्था गांधीनगरचे ‘इन्फ्लिबनेट’ केंद्र पाहते. म्हणजे संशोधन-साहित्य विकत घेण्याच्या बाबतीत आपण हात आखडता घेतलेला नाही. माझा आक्षेप त्यापुढच्या टप्प्याबद्दल आहे. विकत घेतलेला लेख विद्यार्थ्याच्या पडद्यावर खरोखर उघडतो की नाही, हे पाहण्याचे काम बहुतेक महाविद्यालयांत कुणाच्याच नावावर नाही. लेख उघडला नाही, तर त्याची नोंद कुठल्याही वहीत होत नाही. हे काम ग्रंथालयाचे आहे, पुस्तकांच्या देवघेवीइतकेच मूळचे आहे, आणि ते तसे मानले जाईपर्यंत एवढ्या खर्चाचे चीज होणार नाही, असे माझे मत आहे.

अडचण नेमकी कुठे येते ते एका साध्या उदाहरणावरून पाहू. लातूरच्या एखाद्या महाविद्यालयात अर्थशास्त्रात एम.ए. करणाऱ्या विद्यार्थिनीला शेतमजुरीच्या दरांवरच्या प्रकल्पासाठी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’तला एक लेख हवा आहे, असे धरू. हे साप्ताहिक मुंबईहून निघते आणि एन-लिस्टच्या यादीत आहे. विद्यार्थिनी गूगलवर लेखाचे नाव टाकते, लेख पहिल्याच ओळीत सापडतो, ती त्यावर बोट ठेवते आणि समोर वर्गणीदार होण्याचे आमंत्रण येते. परदेशी प्रकाशकाचे नियतकालिक असेल तर एका लेखाला तीस-चाळीस डॉलर मागितले जातात. ती पान बंद करते आणि आपल्या महाविद्यालयाकडे हे नाही, असा समज करून घेते. प्रत्यक्षात तिच्या महाविद्यालयाने त्या लेखाचे पैसे भरलेले असू शकतात. ती चुकीच्या वाटेने गेली, एवढेच झाले. पैसे मागणारा तो पडदा दिसण्याची निदान चार कारणे असतात. प्रकाशकाने वाचकाला ओळखलेच नाही, हे पहिले. ओळखले, पण ते नियतकालिक महाविद्यालयाच्या वर्गणीत नाही, हे दुसरे. नियतकालिक आहे, पण हवे असलेले वर्ष नाही, हे तिसरे. ‘जेस्टोर’ या ऑनलाइन संग्रहातल्या अनेक नियतकालिकांचे अगदी अलीकडचे अंक, बहुधा तीन ते पाच वर्षांचे, मुद्दाम बाहेर ठेवलेले असतात आणि ती सीमा दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकते. चौथे कारण म्हणजे दुवाच मोडका असणे. या चार आजारांची औषधे पूर्णपणे वेगळी आहेत. पहिल्यात लॉग-इनची वाट बदलायची, दुसऱ्यात दुसरीकडून लेख मागवायचा, तिसऱ्यात तोच लेख दुसऱ्या संग्रहात शोधायचा आणि चौथ्यात लेखाच्या कायमच्या ओळख-क्रमांकावरून, म्हणजे डीओआयवरून, पुन्हा जायचे. पडद्यावर मात्र बहुतेक वेळा एकच खूण दिसते, ती म्हणजे किंमत. विशीतल्या मुलीने त्या आकड्यावरून चार कारणांपैकी आपले कारण ओळखावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

पहिले कारण सर्वांत जास्त आढळते, म्हणून ते जरा खोलात जाऊन समजून घ्यावे लागेल. प्रकाशकाचा संगणक माणसाला ओळखत नाही, तो इंटरनेटवरचा पत्ता ओळखतो. महाविद्यालयाच्या जोडणीला ठरावीक आयपी पत्ते मिळालेले असतात, ते प्रकाशकाला कळवलेले असतात आणि त्या पत्त्यावरून आलेली मागणी विनातक्रार मान्य होते. विद्यार्थी घरी गेला किंवा वसतिगृहात मोबाइल डेटा वापरू लागला की त्याची मागणी मोबाइल कंपनीच्या पत्त्यावरून जाते. प्रकाशकाच्या लेखी तो आता रस्त्यावरचा कुणीही असतो. आवारातसुद्धा हे घडते. वाय-फाय कमजोर झाले की फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि मघाशी उघडलेले नियतकालिक पुढच्या पानाला पैसे मागते. यावर मध्यस्थ सर्व्हरचा उपाय निघाला. वाचकाने आधी ग्रंथालयाच्या दारात आयडी-पासवर्ड द्यायचा आणि मग मध्यस्थाने त्याच्या वतीने, ग्रंथालयाच्या पत्त्यावरून, लेख आणून द्यायचा. ‘ईझीप्रॉक्सी’ हे या कामाचे जगभर पसरलेले सॉफ्टवेअर १९९९ साली अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात, एका कम्युनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या ख्रिस झागर यांनी लिहिले. हे सॉफ्टवेअर एखाद्या नामवंत संशोधन विद्यापीठात नव्हे, तर दोन वर्षांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या साध्या कॉलेजात जन्मले, हे मला महत्त्वाचे वाटते, कारण वाचकाची अडचण तिथे रोज समोर उभी असते. एन-लिस्टही याच पद्धतीने चालते. म्हणून नियम असा की सुरुवात गूगलपासून करायची नाही. एन-लिस्टच्या पानावर आधी लॉग-इन करायचे आणि तिथून नियतकालिकाकडे जायचे. मित्राने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला दुवा उघडत नाही, त्याचेही कारण हेच. तो दुवा मित्राच्या लॉग-इनपुरता जिवंत होता, आणि व्हॉट्सअॅपच्या आतल्या खिडकीला तुमच्या ब्राउझरमधले लॉग-इन ठाऊक नसते.

आता तिसरी पद्धत रुळते आहे. प्रकाशकाच्या पानावरच ‘संस्थेमार्फत प्रवेश’ अशी सोय असते. तिथे यादीतून आपली संस्था निवडायची, आपल्या संस्थेचा आयडी द्यायचा आणि आत जायचे. इन्फ्लिबनेटने यासाठी ‘इनफेड’ नावाचे जाळे उभारले आहे. कागदावर ही पद्धत सर्वांत सुटसुटीत आहे, कारण वाचक गूगलवरून आला तरी चालतो. पण यादीत आपले महाविद्यालय शोधणे हेच महाराष्ट्रात अवघड काम ठरू शकते. आपल्याकडे महाविद्यालयाच्या अधिकृत नावाआधी पुष्कळदा शिक्षणसंस्थेचे नाव असते, त्याची आद्याक्षरे असतात, इंग्रजी स्पेलिंगच्या दोन-तीन तऱ्हा असतात, आणि विद्यार्थी मात्र कॉलेजला बोलीतल्या छोट्या नावाने ओळखतो. शिवाय मुळात यादीत नाव आहे का, हा प्रश्न उरतोच. वन नेशन वन सबस्क्रिप्शनचा पहिला टप्पा केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी आहे, आणि महाराष्ट्रातली बहुसंख्य महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्था चालवतात. वर्तमानपत्रात योजनेची बातमी वाचून उत्साहाने प्रकाशकाच्या पानावर गेलेल्या विद्यार्थ्याला नकार मिळाला, तर त्याला हा फरक कोण समजावून सांगणार?

खात्यांची गोष्ट याहून साधी आणि म्हणूनच जास्त दुर्लक्षित आहे. एन-लिस्टवर प्रत्येक वाचकाचे स्वतंत्र खाते असते. महाविद्यालयाने नेमलेली व्यक्ती, बहुधा ग्रंथपाल, विद्यार्थ्यांची नावे आणि ई-मेल पत्ते एक्सेलच्या तक्त्यात भरून पाठवते आणि पासवर्ड ई-मेलवर जातो. तक्त्यात एक अक्षर चुकले की पासवर्ड भलतीकडे गेला. पत्ता बरोबर असला तरी आणखी एक खोच आहे. गावाकडच्या कित्येक मुलांचा ई-मेल पत्ता प्रवेशाचा किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला असतो, त्याचा पासवर्ड त्या मुलाकडे नसतोच. तिकडे ई-मेल स्पॅममध्ये पडून राहतो, इकडे महाविद्यालयाच्या अहवालात खाती दिल्याची संख्या वाढते. यात कुणी खोटे बोलत नाही. खाती खरोखर दिलेली असतात, ती कुणी उघडू शकले का, एवढेच विचारलेले नसते.

हा न विचारलेला प्रश्न माझ्या मांडणीचा कणा आहे. महाविद्यालयांचा दर्जा ठरवणाऱ्या ‘नॅक’ मूल्यांकनात ग्रंथालयासाठी स्वतंत्र निर्देशक आहे. ई-नियतकालिकांची वर्गणी आहे का, ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या भांडाराचे सदस्यत्व आहे का, घरून वापरायची सोय आहे का, खर्च किती, रोज किती जण ग्रंथालय वापरतात, अशी माहिती त्यात मागितली जाते, आणि ऑनलाइन वापराच्या नोंदीही दाखवाव्या लागतात. पण लॉग-इनची संख्या म्हणजे वाचलेल्या लेखांची संख्या नव्हे. पाच वेळा लॉग-इन करून पाचही वेळा हात हलवत परतलेला विद्यार्थी या मोजणीत पाच वापर म्हणून जमा होतो. प्रकाशकांच्या जगात याहून बारकाईने मोजणारी एक पद्धत आहे. ‘काउंटर’ नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तयार होणाऱ्या अहवालांत किती लेख उघडले, याच्या बरोबरीने किती वेळा प्रवेश नाकारला गेला, हेही येते: परवाना नव्हता म्हणून किती वेळा आणि एकाच वेळी वापरणाऱ्यांची मर्यादा संपली म्हणून किती वेळा. नकार हा मोजण्याजोगा आणि उपयोगी आकडा आहे, हे व्यापारी प्रकाशकांनी मान्य केले, कारण नकारांची संख्या पाहून पुढच्या वर्षीची विक्री ठरते. मात्र या अहवालातही तेच नकार येतात, जे ओळख पटलेल्या संस्थेच्या खात्यावर टाकता येतात. जिची ओळखच पटली नाही, ती लातूरची विद्यार्थिनी काउंटरच्या अहवालात नाही, नॅकच्या नाही आणि महाविद्यालयाच्या तर नाहीच नाही. वर्षाअखेरीस वापर कमी दिसतो, विद्यार्थ्यांना वाचनाची आवड उरली नाही असा निष्कर्ष निघतो आणि त्याच आकड्यांच्या आधारे वर्गणी बंद करण्याचा ठराव होऊ शकतो. अडवलेल्या वाचकाला उदासीन वाचक ठरवणारा हा हिशेब मुळातच चुकीचा आहे.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले आणि त्यांत वाचकाचा वेळ वाचवण्याला स्वतंत्र स्थान दिले. छापील पुस्तकांच्या काळात ग्रंथालयांनी तो नियम खूपच मनावर घेतला. पुस्तक कपाटात जागेवर नसेल तर ग्रंथालय परिचर शोधायला जात, सापडले नाही तर नोंद होई, बाइंडिंगला गेले असेल तर तसे सांगितले जाई. पुस्तक न मिळणे ही वाचकाची चूक आहे, असे कोणी म्हणत नसे. ई-लेख न उघडणे ही मात्र वाचकाची चूक, नाहीतर ‘सर्व्हर डाऊन’, नाहीतर संगणक विभागाचे काम मानले जाते. संगणक विभाग वाय-फाय आणि प्रिंटर पाहतो. जेस्टोरची सरकती सीमा त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असण्याचे कारणही नाही. ग्रंथपालाला ती ठाऊक असते. वर्गणीत काय आहे, कुठल्या वर्षापासून आहे, तोच लेख लेखकाच्या विद्यापीठाच्या भांडारात मोफत मिळेल का, या प्रश्नांची उत्तरे देणे ही संदर्भसेवाच आहे.

याला पहिला आक्षेप असा घेतला जाईल की आजची पिढी मोबाइलवरच वाढली आहे, तिला हे शिकवावे लागत नाही. मोबाइल सफाईने वापरता येणे आणि परवान्याची रचना कळणे यांचा फारसा संबंध नाही. यूपीआयने पैसे पाठवणाऱ्याला बँकांमधली देवाणघेवाण समजावी लागत नाही, कारण तिथे व्यवहार फसला तर तसा स्पष्ट निरोप येतो आणि तक्रारीला जागा असते. ई-नियतकालिकांच्या जगात ना स्पष्ट निरोप, ना विद्यार्थ्याच्या हाताशी तक्रारीची खिडकी. तरुणांची सफाई इथे उलट त्यांच्या विरोधात जाते, कारण ते अडले की क्षणात दुसरीकडे वळतात आणि अडल्याचे कुणाला सांगत नाहीत.

ते कुठे वळतात, हे सर्वांना माहीत आहे. डिसेंबर २०२० मध्ये एल्सेव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी सशुल्क लेख विनापरवाना फुकट देणाऱ्या ‘साय-हब’विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल केला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने ते संकेतस्थळ भारतात बंद करण्याचा आदेश दिला. चढ्या किमती लावणाऱ्या प्रकाशकांची बाजू घेण्याची मला इच्छा नाही, त्या किमतींविरुद्ध जगभर झालेल्या चळवळीचे म्हणणे बऱ्याच अंशी योग्य आहे. पण ज्या लेखाचे पैसे सरकारी तिजोरीतून भरले गेले आहेत, तो मिळवण्यासाठीही विद्यार्थ्याने बेकायदा वाट धरावी, यात कसली क्रांती आहे? त्यात फक्त आपल्या व्यवस्थेचे अपयश दिसते. दुसरी वाट कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांची. ती गोषवारा चटकन देतात, पण त्यांनी दिलेल्या संदर्भांत अस्तित्वातच नसलेले लेख असू शकतात, आणि लेख आहे की नाही हे तपासायला अखेर मूळ लेखापर्यंतच जावे लागते. या साधनांमुळे मूळ लेख उघडता येण्याची गरज आणखी वाढली आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा सारा इंग्रजी मजकूर. मराठीत शिकणाऱ्या, मराठीत लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचे काय? आक्षेपात तथ्य आहे. परदेशी प्रकाशकांच्या संग्रहांत मराठी जवळजवळ नाही. पण मराठीचे स्वतःचे डिजिटल धन लहान नाही. विश्वकोशाचे वीसही खंड संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. राज्य मराठी विकास संस्था आणि साहित्य संस्कृती मंडळ यांनी जुने, दुर्मीळ ग्रंथ उपलब्ध करून दिले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर उभ्या राहिलेल्या ‘शोधगंगा’त देशभरातले पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत आणि त्यांत मराठीतले प्रबंधही मोठ्या संख्येने आहेत. तिथे पासवर्ड लागत नाही, पैसे लागत नाहीत, तरीही ते सापडत नाहीत. अनेक प्रबंधांची शीर्षके रोमन लिपीत नोंदवली गेली आहेत आणि एकाच शब्दाची स्पेलिंगे प्रत्येकाने आपापल्या कानाप्रमाणे केली आहेत. ‘कादंबरी’ हा शब्द देवनागरीत शोधला तर काही प्रबंध हाती लागतात, रोमनमध्ये एका तऱ्हेने लिहिला तर दुसरे, आणखी एक ‘ए’ वाढवला तर तिसरे. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये टंकलेले प्रबंध पडद्यावर नीट मराठी दिसतात, पण त्यांतले एखादे वाक्य निवडून दुसरीकडे चिकटवले की अर्थहीन चिन्हांची रांग उमटते, कारण संगणकाच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नसतोच. काही प्रबंध तर नुसती पानांची छायाचित्रे आहेत. अशा प्रबंधांच्या पोटातला एकही शब्द शोधयंत्राला सापडत नाही. दलित आत्मकथनांवर किंवा ग्रामीण कवितेवर काम करणारा विद्यार्थी शोधगंगेत विषयाचे नाव टाकतो, चार निकाल पाहतो आणि आपल्या विषयावर फारसे काम झालेले नाही असे आपल्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात लिहितो. आधीचे संशोधक असे अदृश्य होतात आणि तेच काम पुन्हा होत राहते. इंग्रजी नियतकालिकाच्या अडचणीवर निदान प्रकाशकाचा मदतकक्ष तरी असतो. मराठीतल्या या अडचणीवर मराठी ग्रंथपालाखेरीज कुणीही इलाज करू शकत नाही. म्हणून या आक्षेपाने माझे म्हणणे दुबळे होत नाही, त्याला बळच मिळते.

राहिला मनुष्यबळाचा प्रश्न. अनुदानित महाविद्यालयांत ग्रंथालयातली पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत, आहेत त्या माणसांवर प्रवेशापासून परीक्षेपर्यंतची कामे लादली जातात, आणि त्यात हे नवे काम कोण करणार? पदे भरली गेलीच पाहिजेत, यात तडजोड नाही. पण ती भरेपर्यंत थांबायचे कारणही नाही, कारण या कामाची सुरुवात मोठ्या खर्चाने होत नाही. दिवसातला एक ठरलेला तास, एक ठरलेला ई-मेल पत्ता आणि एक वही पुरते. वहीत तारीख, वेळ, कोणता लेख, आवारात की बाहेरून, वाय-फाय की मोबाइल डेटा, पडद्यावरचा नेमका संदेश आणि शेवटी काय केल्याने लेख उघडला, एवढ्याच नोंदी हव्यात. महिनाभराच्या नोंदी एकत्र वाचल्या की एकेकट्याची वाटणारी अडचण सगळ्यांची असल्याचे दिसते. कधी एका वर्गाच्या सगळ्या खात्यांची मुदत संपलेली असते. कधी आयपी पत्ता बदलूनही प्रकाशकाला कळवलेला नसतो. कधी कुणीतरी एका रात्रीत शेकडो लेख उतरवल्यामुळे प्रकाशकाने सबंध महाविद्यालयाचा प्रवेश थांबवलेला असतो, आणि असे थांबवणे प्रकाशकाच्या करारात बसते, हे विद्यार्थ्यांना कुणी सांगितलेलेच नसते. या कामाला विद्यार्थीही मदत करू शकतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजनेतली मुले ग्रंथालयांत कामे करतातच. पुस्तके लावण्याबरोबर त्यांतल्या दोघांना ही अडचण सोडवण्याचे शिक्षण दिले, तर सहाध्यायी त्यांच्याकडे अधिक मोकळेपणाने येतील.

हे आताच करायला हवे, कारण मागणी वाढते आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर वर्गांना संशोधन पद्धतीचा विषय आणि संशोधन प्रकल्प आले आहेत. पदवीचे चौथे, संशोधनासह ऑनर्सचे वर्षही येते आहे. आजवर जे साहित्य प्रामुख्याने पीएच.डी.चे विद्यार्थी शोधत, ते आता तालुक्याच्या कॉलेजातला वीस-एकवीस वर्षांचा मुलगा शोधणार आहे. प्राचार्यांनी येत्या सत्राच्या वेळापत्रकात हा एक तास ग्रंथालयाच्या कामाचा भाग म्हणून लिहावा. नॅकने महाविद्यालयांना लॉग-इनच्या आकड्यासोबत न उघडलेल्या लेखांचा आणि सोडवलेल्या तक्रारींचा आकडा मागावा. आणि विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की पुढच्या वेळी लेखाऐवजी किंमत दिसली तर पान बंद करू नका. पडद्याचे छायाचित्र काढा, दुवा, वेळ आणि कुठल्या जोडणीवर होता तेवढे लिहा आणि त्याच दिवशी ग्रंथपालांना पाठवा.